वरच्या खोलीतली चाल

कवळ्या करणाऱ्या माणसाला जगात सगळीकडे उंचसखलच दिसतं. टेबल डुगडुगतंय, दार खाली घासतंय, समोरच्या बाईच्या हसण्यात डावीकडचा दात जरा लांब झालाय. ताईचं असंच होतं. अर्धं आयुष्य तिनं दुसऱ्यांच्या तोंडात वरचे दात खालच्या दातांवर नीट टेकवण्यात घालवलं होतं. डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे, मग ती खालच्या खोलीत खिडकीपाशी बसून मेणात दात रोवायची, गुलाबी ॲक्रिलिकच्या हिरड्या चढवायची, घासून पुसून चमकवायची. गल्लीत तिला सगळे कवळीवाली ताई म्हणत. लग्न का केलं नाही म्हणून कोणी विचारलं, तर ती त्याच्या दातांकडे अशी काही टक लावून बघायची, की तो तोंड मिटून वाटेला लागायचा.

घर लहान. खाली आई आणि ताई, वर दादा. वरच्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची होती, त्यामुळे वर सुई पडली तरी खाली कळायचं.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. ते पोटासाठी. जिवासाठी तो यंत्रमाणसं बनवायचा. यंत्रमाणसं हा त्याचा शब्द. बाकीच्यांचा शब्द भंगार. मोडक्या प्रिंटरची चाकं, छत्रीच्या काड्या, मोटारीच्या वायपरची मोटर, खेळण्यातल्या बाहुलीचे डोळे, असलं काय काय घेऊन तो सुट्टीच्या दिवशी वर जाऊन बसायचा. मग एखादं यंत्र तयार व्हायचं. एक कुंडीला पाणी घालायचं, फक्त कुंडी सोडून सगळीकडे. एक वर्तमानपत्राचं पान उलटायचं, पण फाडून. एक दारावरची घंटा वाजली की पत्र्याचा डबा बडवायचं. दूधवाला बिचारा शेवटी घंटेला हात लावायचाच बंद झाला. "एक ना धड, भाराभर चिंध्या," आई म्हणायची. "रिकामपणाचे उद्योग," ताई म्हणायची. दादा वरून ओरडायचा, "ऐकू येतंय मला. चालू द्या!" त्याच्यासारखेच आणखी चार वेडे गोळा झाले होते, ते आपापली यंत्रं काखोटीला मारून आळीपाळीनं एकमेकांकडे जमायचे. त्या सगळ्यांत त्याचं नाव पडलं होतं खटपट्या.

खटपट्याचा एक पाय जन्मापासून आखूड. त्यामुळे तो घरात कुठे आहे हे कधी विचारावंच लागलं नाही. ठक, घस. ठक, घस. डॉक्टरांनी जाड तळव्याचा बूट दिला होता, तो त्यानं एका यंत्राच्या डोक्यावर टोपी म्हणून बसवला आणि स्वतः साध्या बुटात फिरला. ताई लहान असताना दोन वेण्या उडवत त्याच्या मागून तश्शीच चालायची. ठक, घस. पोरं खिदळायची, दादासुद्धा हसायचा. आईनं एकदा ते पाहिलं आणि ताईचा कान असा पिळला, की तिनं कानाला खडाच लावला. पुन्हा म्हणून तिनं ती नक्कल केली नाही.

दादाचं शेवटचं यंत्र म्हणजे धाकटा. गुडघ्याएवढा, दोन पायांचा, डोकं नसलेला. पावलं जुन्या टेबलाच्या लाकडी खणातून कापलेली, चांगली रुंद, खाली रबर. छातीशी वायपरची मोटर, पाठीवर बॅटरी, आणि तिला जोडलेली एक काळी सौर पाटी खिडकीत टांगलेली. ऊन पाटीवर आलं की बॅटरी भरायची, भरली की धाकटा चालायचा, संपली की उभा राहायचा. समोर एक तारेची मिशी होती. ती भिंतीला टेकली की मोटर उलटी फिरायची आणि तो उलट्या पावली मागे यायचा.

"हा आमचा धाकटा," असं सांगत दादानं तो आईच्या खाटेपाशी आणला होता.

"नातू मागितला तर पत्रा आणून दिला मेल्यानं," आई म्हणाली. पण हात फिरवून बघितला तिनं, डोकं शोधत.

"आणि याला बंद कुठून करायचं?" ताईनं विचारलं.

"स्विच ठेवलाच नाही. स्विच असला की कोणीतरी बंद करतं."

दादा गेला तो कामावरच. कुठल्याशा इमारतीची अडकलेली लिफ्ट त्यानं चालू करून दिली, आतली माणसं मार्गी लावली, आणि "जरा टेकतो" म्हणून जिन्याच्या पायरीवर बसला. लोकांना वाटलं, दमलाय बिचारा. बऱ्याच वेळानं कोणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला.

आईची नजर अधू झाली होती आणि आठवण त्याहून. घरात दादाला आणलं, नेलं, तेव्हा तिला सगळं कळलं. जी रडली, ती रडून रडून झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन तिनं विचारलं, "दादा उठला का गं?"

ताईनं सांगितलं. आईपासून असलं कसं लपवायचं? आई पुन्हा रडली, पहिल्यांदा रडावं तशी. "कधी? मला कसं नाही सांगितलं कोणी?" तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तोच प्रश्न, तेच रडणं. पुढेही तेच. एकाच मुलाचं मरण आईला रोज सकाळी नवं कोरं मिळत होतं, आणि ते तिच्या हातात ठेवायचं काम ताईकडे आलं होतं. आई वाळत चालली. ताईला सकाळ नकोशी झाली. 

ते सगळे दिवस आभाळाचे होते. वरची खोली बंद होती. दादाची खोली उघडायची ताईची छाती होत नव्हती, हे सरळ सांगितलेलं बरं.

मग एका सकाळी आभाळ उघडलं. आईच्या हातात कप दिला होता, प्रश्न यायचाच होता. ताई खिडकीपाशी मेणाची सुरी घेऊन बसली होती. आणि डोक्यावर फळी वाजली.

ठक. घस. ठक. घस.

ताईच्या हातातली सुरी जिथल्या तिथे थांबली. खिडकीकडून दाराकडे, दादा रोज उठून जायचा तसा.  

"उठला वाटतं," आई म्हणाली, आणि चहा प्यायला लागली.

जिन्याच्या एकेका पायरीवर ताई स्वतःला शिव्या घालत होती आणि तरी चढत होती. दार ढकललं. धाकटा तिच्याच दिशेनं येत होता. बंद खोलीतल्या धुळीत त्याची पावलं उमटली होती. उंबऱ्यापाशी येऊन त्याची मिशी तिच्या पायाला लागली. तो थबकला. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. याचे पाय सुलटे होते, पण तो तिच्याकडे छाती करून उलटा चालत खोलीत निघाला, पार खिडकीपर्यंत. ताई उंबऱ्यावरच बसली. खिडकीत पाटीवर लख्ख ऊन पडलं होतं.

"काय करतोय गं?" खालून आईनं विचारलं.

"खटपट," ताईच्या तोंडून निघून गेलं.

"आहे ना वर?"

ताईनं धाकट्याकडे पाहिलं. "आहे."

त्या दिवशी आई रडली नाही. दुपारी भात मागून घेतला.

तेव्हापासून ताईचं सगळं चित्त उन्हात. सकाळी उठून आधी आभाळ बघायचं. ऊन असलं की दादा असायचा, आभाळ आलं की दादा मेलेला असायचा. मळभाच्या दिवशी ती "कामावर गेलाय" म्हणून वेळ मारून न्यायची, पण आईला ते पटायचं नाही; चाल ऐकल्याशिवाय तिचा जीव भांड्यात पडायचा नाही. ताईनं खिडकीसमोरच्या झाडाच्या फांद्या उतरवून घेतल्या. रोज फडकं घेऊन पाटी पुसली, बॅटरीच्या तारा घट्ट केल्या, पायांच्या सांध्यांना तेल दिलं. दादा असताना जिला स्क्रू कुठल्या बाजूला पिळायचा ठाऊक नव्हतं, ती आता त्याचाच स्क्रू-ड्रायव्हर अंबाड्यात खोचून हिंडायला लागली.

आणि हळूहळू हे भूत आईपुरतं राहिलं नाही. वर जाताना ताई दाराबाहेर खाकरायला लागली. एकदा तिनं दोनाऐवजी तीन कप मांडले आणि ते बघून बराच वेळ ओट्याला धरून उभी राहिली. संध्याकाळी तर नको व्हायचं. ऊन उतरलं की बॅटरी मंद व्हायची, आणि वरची पावलं दमलेल्या माणसासारखी लांबत जायची. ठक. मग कितीतरी वेळानं, घस. ताई हातातलं काम टाकून पुढच्या पावलाची वाट बघत राहायची, आणि ते यायचं नाही. आई तोवर डोळा लागून झोपलेली असायची. ताई एकटी त्या न आलेल्या पावलाखाली बसायची. दादा पायरीवर टेकला तेव्हा असंच झालं असेल का, हा विचार तिनं कितीदा हाकलला, पण तो भिंतीला मिशी लावून पुन्हा माघारी यायचाच.

रडायला मात्र तिला सवड झाली नाही. रोज "आहे वर" म्हणायचं तर डोळे कोरडे लागतात.

एका सकाळी वर धाडकन आवाज झाला.

"पडला गं!" आई खाटेवर उठून बसली. ताई तिच्यासाठी अजून ठमीच होती. "ठमे, दादा पडला! धाव!"

धाकटा आडवा पडून हवेत पाय मारत होता. एका खुब्याची खीळ झिजून तुटली होती. ताईनं पाटीवर जाड टॉवेल टाकला, आईला "काही नाही, खुर्ची पडली" म्हणून शांत केलं आणि धाकट्याला उचलून आपल्या कामाच्या टेबलावर आणलं, पडलेलं पोर उचलून न्यावं तसं.

खीळ तिनं कवळीच्या आकड्याला लागते त्या पोलादी तारेची केली. झकास बसली. तिथंच हात आवरला असता तर ही गोष्ट झाली नसती. पण कवळीवाल्या ताईनं सवयीनं एक गोष्ट केली. तिच्या धंद्यात कवळी तोंडात बसवली की दातांमध्ये निळा कागद धरतात आणि चावा म्हणून सांगतात. जो दात उंच असेल त्याच्यावर निळा डाग पडतो; तो घासायचा. जिथं डागच नाही, तिथं दात टेकत नाही. तिनं धाकट्याला निळ्या कागदावर उभं केलं. एका पावलाचा ठसा भरभरून उठला. दुसऱ्याचा नुसता कडेला, तोही पुसट.

"अरेच्चा," ताई म्हणाली. "हा झिजलाय की."

लांब पायाच्या घोट्यात वायसर, म्हणजे भोकाच्या चपट्या चकत्या, घालून ठेवले होते, उगाच भर घातल्यासारखे. ते तिनं काढले आणि दादाच्या वायसरच्या डब्यात टाकले. आखूड पावलाखालचं रबर खरवडलं, घासून लाकूड साफ केलं आणि त्यावर गुलाबी ॲक्रिलिकचा छान थर चढवला. पुन्हा निळा कागद. दोन्ही ठसे सारखे उठले. तिला मनापासून समाधान वाटलं. दादाचं काम आपण दादापेक्षा नीट केलं, असंही जरासं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दुसऱ्या दिवशी ऊन आलं. ताई आईला चहा देत होती.

ठक. ठक. ठक. ठक.

आईचा कप बशीवर खडखडला. 

"वर कोण शिरलंय?"

"दादा आहे, आई."

"हा माझा नव्हे. माझा असा चालतो का? हा धडधाकट माणूस आहे कोणीतरी." तिनं ताईचं मनगट धरलं, म्हातारीच्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "ठमे, दाराला कडी घाल. दादा कुठंय? यानं काय केलं त्याला?"

ताई वर धावली आणि पाटीवर टॉवेल टाकला. बॅटरीत उरलं होतं तेवढं चालून धाकटा थांबला. ती पावलं ऐकताना तिलाही वाटलं, घरात परका माणूस हिंडतोय आणि त्याला दादाच्या खोलीत आपणच घेतलंय.

बॅटरीचं दुकान असलेला दादाचा दोस्त त्या वेड्यांतलाच एक. ताईनं फोन केला, तो दुकान बंद करून आला. त्यानं धाकट्याला उचललं, पालथं केलं आणि गुलाबी तळव्यावर बोट फिरवलं.

"ताई, तुम्ही पाय सारखे केलेत."

"एक झिजला होता."

"झिजला नव्हता हो. त्यानं तसाच केला होता."  "किती दिवस बसला होता त्यावर. एक वायसर घालायचा, चालवायचा, डोळे मिटून ऐकायचा. मग तो काढून दुसरा. आम्ही थट्टा करायचो, अरे, यंत्राला कोणी लंगडं करतं का? तर म्हणाला, धाकटा माझा आहे, माझ्यासारखाच चालणार."

"ते वायसर... डब्यात टाकले मी."

दोस्तानं डबा उघडला. जाड, पातळ, पितळेचे, लोखंडाचे, नुसता खच. त्यानं मूठभर हातात घेतले, पुन्हा खाली सोडले आणि झाकण लावलं. "तो कानानं करायचा," एवढंच म्हणाला. जाताना जिन्यात बूट घालायला बराच वेळ वाकून राहिला.

ताईला स्वतःची चीड आली, अगदी तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर ती चाल ऐकली, आणि तो पाय हातात आला तेव्हा आपल्याला काय दिसलं, तर उंचसखल!

मग तिनं घासायला घेतलं. गुलाबी थर थोडा उतरवायचा, घोट्यात एखादा वायसर घालायचा, धाकट्याला वर नेऊन टॉवेल काढायचा आणि जिन्यात बसून आई काय म्हणते ते ऐकायचं. "तो माणूस आहेच अजून," आई म्हणाली. आणखी घासलं. "आता दुसराच कोणी आलाय. हा दारू प्यायलाय." आई जेवेना झाली. भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि दादा कुठंय म्हणून विचारायची, पण आता उत्तराची वाट न बघता, पुन्हा पुन्हा. गेला म्हणावं तर आई खाटेवरून पुन्हा उठायचीच नाही. आहे वर म्हणावं तर वर तो परका. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. इथं ते माणसाच्या पावलानं आलं होतं, आणि ती पावलं तिनं स्वतः घडवली होती.

एका दुपारी तिला वाटलं, जमलं. ठक, घस. ठक, घस. ताई श्वास रोखून जिन्यात बसली. आई भिंतीकडून वळली. कान दिला.  मग हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "ठमे, कोणीतरी दादासारखं चालायला बघतंय."

 ताई वर गेली, टॉवेल टाकला आणि दादाच्या पलंगावर बसून राहिली. पायाशी पलंगाखालून त्याचे बूट डोकावत होते. एकाची टाच झिजलेली, दुसऱ्याचं नाक. कानानं जमत नाही तर पायानं बघू, असं तिच्या मनात आलं. एकदा चाल अंगात आली की तिचं माप घेता येईल. तिनं बूट चढवले. मोठे होत होते, तरी नाड्या करकचून बांधल्या आणि उभी राहिली.

पहिलं पाऊल चुकलं. दुसरं चुकलं. तिसऱ्याला कंबर आपोआप कलली, खांदा खाली गेला, आणि फळ्या बोलल्या. ठक. घस. ठक. घस. कानाला खडा लावल्यापासून इतकी वर्षं ती चाल तिच्या अंगात तशीच राहिली होती. ती दारापर्यंत गेली, फिरली, खिडकीपर्यंत आली. भीती वाटली, आणि थांबवेना. आपल्या पायांनी दादा खोलीत चालतोय आणि आपण नुसत्या त्याच्या बरोबर आहोत, असं झालं.

"ठमे!"

आईचा आवाज. पण खाटेवरच्या म्हातारीचा नव्हे. कित्येक वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाला पोचायचा तो.

"पुरे झाली नक्कल! कितीदा सांगितलं, दादाच्या पायाची नक्कल करायची नाही म्हणून? तो ऐकतोय ना! खाली ये आधी!"

ताई खाली आली, त्याच बुटांत. आईनं हात लांब केला, चाचपडत तिचा कान शोधला आणि पिळला. बोटांत जोर नव्हता. लागलं काहीच नाही.

"लाज नाही वाटत? मोठा भाऊ आहे तुझा. उद्या तो नसला म्हणजे कळेल."

आणि ताई रडली. दादाला नेलं तेव्हापासून साठलेलं सगळं एकदम आलं. खाटेच्या कडेला डोकं टेकून ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली, नाक पुसायचंही भान राहिलं नाही. आई घाबरली. तिचा हात कानावरून डोक्यावर आला, वेण्या शोधायला लागला, अंबाडा लागला, त्यातला स्क्रू-ड्रायव्हर लागला, तरी तो थोपटतच राहिला.

"अगं, एवढं काय लागलं? बघू. नाही हं मारणार पुन्हा. जा, वर जा आणि दादाला म्हण, चुकलं. तो काही मनात ठेवत नाही."

ताईनं बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी वर गेली. बूट पलंगाखाली जिथले तिथे ठेवले. खोलीत दुपारचं ऊन होतं. धाकटा कोपऱ्यात उभा होता, एक पाय पुढे टाकलेला. एरवी या दारात ती खाकरायची. आज तिला कळलं, इथं कोणी नाही. किती दिवसांनी तिनं खोली रिकामी पाहिली.

"चुकलं, दादा," ती म्हणाली. मग खाली ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, "चुकलं माझं!"

बाहेर कोणाचीतरी सायकल गेली.  मग तिनं धाकट्याला घेतलं, घोट्यातले वायसर काढले, घासलेल्या तळव्याखाली कवळीचा उरलेला गुलाबी तुकडा चिकटवला, निळा कागद न लावता, नुसत्या नजरेनं सारखा केला, आणि पाटीवरचा टॉवेल काढून खाली आली.

"काय म्हणाला?" आईनं विचारलं.

"काही नाही म्हणाला."

"बघ. मी म्हटलं नव्हतं?" आई उशीवर टेकली. "त्याचं असंच आहे पहिल्यापासून."

ताईनं भात कालवला. आईनं चार घास खाल्ले. पाचवा घास तोंडाशी असताना वर बॅटरी भरली.

ठक. ठक. ठक. ठक.

आईनं मान वर केली. ताईचा हात घासासकट थांबला. पळून वर जावं, टॉवेल टाकावा, असं एकदा मनात आलं. ती उठली नाही.

"आणि हा कोण?"

"धाकटा, आई," ताई म्हणाली. "दादाचा धाकटा."

"दादाचा?"

"हो."

आई कान देऊन ऐकत राहिली. पावलं दारापर्यंत गेली, थबकली, माघारी आली. तिच्या ओठांवर अजून भाताचं शीत होतं, ते ताईनं पुसलं तरी तिला कळलं नाही.

"सरळ चालतो गं," आई म्हणाली.

"हो, आई."

"दोन्ही पाय चांगले आहेत." तिनं डोळे मिटून घेतले. "दादाला किती बरं वाटलं असेल."